‘फोलिओ’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: लिनक्स कर्नलमधला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातला) एक फाइलसिस्टिम ड्रायव्हर ‘पेज’वरून (मेमरीचा ठरावीक मापाचा तुकडा) ‘फोलिओ’वर (सलग पेज एकत्र हाताळायचा गट) आणतोय आणि सोबत मराठीत टिपणं लिहितोय. पेजला ‘पान’ सहज बसलं. फोलिओला ‘मोठं पान’ म्हटलं तर चालेल का?

उत्तर: नको. फोलिओ एकाच पानाचाही असतो. कर्नल डेव्हलपर मॅथ्यू विलकॉक्स यांच्या कामातून तो ५.१६ आवृत्तीत (जानेवारी २०२२) आला. त्याआधी स्ट्रक्ट पेजचा (कर्नल प्रत्येक पानासाठी ठेवतो त्या नोंदीचा) पॉइंटर, म्हणजे पत्ता, हाती आला, की तो सुट्या पानाचा, जोडपानांच्या (एकत्र जोडलेल्या पानांच्या) डोक्याचा म्हणजे पहिल्या पानाचा, की शेपटीचा म्हणजे नंतरच्या एखाद्या पानाचा, हे नुसतं बघून कळायचं नाही. म्हणून कित्येक फंक्शनं आधी ‘कंपाउंड_हेड’ने डोकं शोधायची. फोलिओ ही हमी आहे: हा पॉइंटर शेपटीच्या पानाचा नाही. ‘मोठं पान’ म्हटलं की नेमकी ही हमीच हरवते.

आणखी एक मत: छापखान्यातला ‘फर्मा’ कसा वाटतो? ८, १६ पानं एकत्र छापून घडी घालतात. फोलिओतली पानंही सलग आणि दोनच्या घातातच असतात. ‘दस्ता’ मात्र नको, तो २४ कागदांचा.

उत्तर: फर्मा फार छान सुचला! पण एका पानाला फर्मा कोण म्हणेल? शिवाय कोडमध्ये जिथे तिथे ‘फोलिओ_’ दिसतं, वाचणाऱ्याला तेच शोधायचंय. मी ‘फोलिओ’च ठेवेन, पुल्लिंगी: फोलिओ लॉक केला, फोलिओ अपटुडेट झाला (त्यातला डेटा वाचायला योग्य झाला).

जपायला हवं ते ‘पान’ या शब्दाला. ५.१९ मध्ये ‘रीडपेज’च्या (फाइलचा डेटा मेमरीत आणणाऱ्या फंक्शनच्या) जागी ‘रीड_फोलिओ’ आलं. समजा तुम्ही नाव बदललंत, मोठे फोलिओ चालतील असंही मॅपिंगला (फाइलची मेमरीतली पानं सांभाळणाऱ्या रचनेला) सांगितलंत, पण आतला लूप ‘पेज_साइज’पर्यंतच ठेवलात. मग पान ४ केबीचं असेल, तर १६ केबीच्या फोलिओतले पहिले ४ केबी भरतात आणि अपटुडेटचा शिक्का मात्र अख्ख्या फोलिओवर बसतो. उरलेल्या १२ केबीत काय असेल त्याचा भरवसा नाही, आणि वाचणाऱ्या प्रोग्रामला तेच मिळतं. तिथे ‘फोलिओ_साइज’च हवं. उलट ‘केमॅप_लोकल_फोलिओ’ (फोलिओतली मेमरी तात्पुरती वापरायला देणारं फंक्शन) याच्या नावात फोलिओ असला, तरी हायमेमच्या यंत्रावर (जिथे सगळी मेमरी कर्नलला कायम थेट हाती नसते) त्यातून एका वेळी एकाच पानाची खात्री असते. तिथे टिपणातही ‘पान’च लिहा.

प्रश्न: आणि इंडेक्स (फोलिओ फाइलमध्ये कुठून सुरू होतो तो आकडा)? ‘फोलिओ क्रमांक’ लिहू?

उत्तर: नाही, ‘पान क्रमांक’. फोलिओ कितीही मोठा असो, इंडेक्स पानांतच मोजतात. पान ४ केबीचं धरलं, तर १६ केबीच्या एका फोलिओचा इंडेक्स ८ असताना त्याच्या लगतच्या पुढच्या फोलिओचा १२ येतो, ९ नाही. फाइलमधली बाइटची जागा हवी असेल तर ‘फोलिओ_पॉस’ वापरा. इंडेक्स ८ साठी ती ३२७६८ येईल.