होणाऱ्या नवऱ्याला एचपीव्ही (संबंधातून पसरणारा व्हायरस) होता, लग्न 5 महिन्यांवर आलंय, काय काळजी घेऊ?

गोदाकाठची:
नाव नाही सांगत, नाशिक तसं लहानच आहे. वय 25, साखरपुडा झालाय. परवा गंगापूर रोडला मिसळ खायला भेटलो तर ह्याने मिसळ यायच्या आधीच सांगून टाकलं की वर्षभरापूर्वी त्याला खाली चामखिळी आल्या होत्या, स्किनवाल्या डॉक्टरांनी जाळून काढल्या आणि एचपीव्ही म्हणाले. आधी एक रिलेशन होतं हे माहीत होतं मला. राग नाही आला पण मिसळ काही घशाखाली उतरली नाही. रात्रभर गुगल करत कॅन्सरपर्यंत पोचले. आमच्यात अजून काही झालेलं नाही. आईला विचारायची सोय नाही. मला होणारच का, कंडोम वापरला तर बास का, आणि टॉवेल-बाथरूम वेगळं ठेवायचं का?

पंचवटी_कट्टा:
सरळ मोडा. आत्ताच हे, पुढे काय काय निघेल.

लॅबवाली_सिडको:
वरच्यांचं मनावर घेऊ नकोस. मोडून दुसरा बघशील तर त्याला नसेल कशावरून? पुरुषांसाठी एचपीव्हीची रुटीन टेस्टच नाहीये, चामखीळ दिसली नाही तर त्याला स्वतःलाही कळत नाही. ह्याने निदान सांगितलं तरी.

मी लॅबमध्ये आहे, डॉक्टर नाही, पण रोज रिपोर्ट बघते म्हणून सांगते. ह्या व्हायरसचे 200 च्या वर प्रकार आहेत. चामखिळी बहुतेक वेळा 6 आणि 11 नंबरच्या असतात, त्या कॅन्सरवाल्या नाहीत. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे जास्त करून 16 आणि 18 असतात. आता एकाच माणसाला दोन्ही असू शकतात, म्हणून निर्धास्त राहू नकोस, पण बहुतेकांच्या अंगातून हा व्हायरस दोनेक वर्षांत आपोआप जातो. जो वर्षानुवर्षं टिकतो तो त्रासाचा.

तुझ्यासाठी मुख्य गोष्ट लस. अजून संबंध आलेला नाही म्हणजे तिचा पूर्ण फायदा तुला मिळेल, नंतर घेतली तर झालेलं इन्फेक्शन ती काढत नाही. आपल्या पुण्याच्या सिरमची सर्व्हाव्हॅक 2023 मध्ये आली, 26 वर्षांपर्यंत देतात, बाहेरच्या लशीपेक्षा बरीच स्वस्त आहे आणि हेच चार नंबर तिच्यात आहेत. 15 च्या पुढे तीन डोस, आज, दोन महिन्यांनी, सहा महिन्यांनी. म्हणजे लग्नाआधी तुझे दोन होतात, तिसरा नंतर. मधे दिवस राहिले तर उरलेला डोस बाळंतपणानंतर.

कंडोमने धोका कमी होतो, शून्य नाही, कारण हा कातडीला कातडी लागून पसरतो आणि कंडोम सगळं झाकत नाही. तोंडानेही होऊ शकतो. टॉवेल-बाथरूमचं टेन्शन सोड. लस घेतली तरी तिशीनंतर गर्भाशयमुखाची तपासणी चुकवायची नाही, सगळे प्रकार काही लशीत नाहीत.

सातपूरचा_एक:
मला झालं होतं आणि मी बायकोला सहा महिने सांगितलं नाही, त्याचं भांडण अजून पुरतंय. दोन गोष्टी अनुभवाच्या, चामखीळ परत आली तर ती जाईपर्यंत संबंध बंद, आणि तिथे दाढीचं ब्लेड फिरवायचं नाही, मी फिरवलं आणि दोनाच्या सात झाल्या. आणि तो मावा-सिगरेट करत असेल तर सोडायला सांगा, व्हायरस जायला वेळ लागतो त्याने.

गोदाकाठची:
थँक्यू ताई. तो मावा नाही खात, सिगरेट ओढतो, आजपासून त्याचं काही खरं नाही. काल कॉलेज रोडला गायनॅककडे जाऊन पहिला डोस घेतला, तोही आला होता सोबत. रिसेप्शनवर मिसेस का म्हणून विचारलं तर दोघं एकदमच अजून नाही म्हणालो. दंड जाम दुखतोय. आईला सांगितलंय लग्नाआधीचं इंजेक्शन आहे, खोटं पण नाही ते.