प्लेटमागे बसताना पोट आडवं येतंय, सिझर्स स्टान्स घेऊ का?

पीटीचे_सर_सातारा
नमस्कार मंडळी. वय ४७, उंची पाच फूट सहा, वजन ९६ किलो. शालेय बेसबॉलला पंच असतो; प्लेटमागे, म्हणजे बॅटरच्या मागं बॉल पकडणाऱ्या कॅचरच्या पाठीशी बसून, बॉल स्ट्राइक आहे की नाही ते सांगतो. सकाळचा सामना निभावतो, पण दुपारच्या सामन्यात मांड्या भरून येतात आणि मी गुडघ्यातून बसायचं सोडून कमरेतून वाकायला लागतो. खालच्या बॉलवर दोन्हीकडचे कोच ओरडतात. परवा एक वरिष्ठ म्हणाले, "सर, पोट कमी करा, बरं दिसत नाही." दिसण्याचं राहू दे, मला बॉल नीट दिसला पाहिजे. सिझर्समध्ये (एक पाय लांब मागे टाकून) मांडीवर भार कमी येतो म्हणे. घेऊ का?

हळदीची_पेठ
क्रिकेटला या सर! इंग्लंडचे पंच डेव्हिड शेफर्ड कुठं बारीक होते? १११ धावा झाल्या की उड्या मारायचे, तरी तीन वर्ल्ड कप फायनलला उभे राहिले.

जुना_मास्क_मिरज
क्रिकेटचा पंच उभा असतो हो, दर चेंडूला बसत नाही. मोठ्यांच्या नऊ इनिंगच्या सामन्यात दोन्हीकडचे मिळून अडीचशे-तीनशे पिच (पिचरनं टाकलेले बॉल) सहज होतात. प्रत्येकाला खाली जा, वर या.

सर, सिझर्स नको. एक पाय लांब मागे टाकून पुढं झुकायचं, म्हणजे मांडी सुटते पण मान अडकते. डोकं पुढं येतं, फाउल टिप, म्हणजे बॅटला चाटून मागं आलेला बॉल, थेट मास्कवर बसते.

स्लॉटमध्येच राहा. कॅचर आणि बॅटर यांच्या मधल्या फटीत, आतल्या कोपऱ्याकडं. फटीकडचा पाय पुढं, दुसऱ्याचा चवडा त्याच्या टाचेच्या रेषेत. आता पाय खांद्यापेक्षा चांगले रुंद टाका. पोटवाल्याला हाच उपाय: रुंद टाकले की पोट मांड्यांच्या मध्ये जातं, कंबर सरळ राहते. हनुवटी कॅचरच्या हेल्मेटच्या वरच्या कडेला. फटीकडचा हात पट्ट्यापाशी दुमडून, नाहीतर बोटं जातात. डोकं हलवायचं नाही, बॉलमागं फक्त डोळे फिरवायचे. बॉलबरोबर डोकं खाली गेलं की खालचा बॉल वरचा वाटतो, कोच ओरडतात ते त्यामुळंच.

आणि पिचर तयारीला लागेपर्यंत सरळ उभे राहा. बरेच जण कॅचर बसला की लगेच बसतात, फुकट मांड्या जाळतात.

एक कुणी सांगत नाही. स्ट्राइक झोनची, म्हणजे ज्या भागातून गेलेला बॉल स्ट्राइक धरतात त्याची, खालची हद्द गुडघ्याच्या वाटीखाली. चौदा वर्षांखालच्या पोरांचा गुडघा तो केवढा, कॅचरही बुटका. म्हणजे शाळेच्या सामन्यात आपल्याला मोठ्यांच्या सामन्यापेक्षा जास्त खाली बसावं लागतं. वर परत दोन-दोन सामने लावतात. तुमच्या वरिष्ठांना एकदा मास्क घालून उभं करा.

फिजिओ_कराड
स्टान्सचं पटलं, पण वजनाचा विषय हसण्यावारी नेऊ नका. १ एप्रिल १९९६, सिनसिनाटी, मोसमाचा पहिला दिवस. अमेरिकेतले पंच जॉन मॅकशेरी प्लेटमागे होते, वय ५१, वजन दीडशे किलोच्या आसपास. सात पिच झाले आणि मैदानातच कोसळले, वाचले नाहीत. हृदयाचा त्रास माहीत होता, दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडं जायचं ठरलं होतं. त्यानंतर एरिक ग्रेग नावाचे दुसरे जाड पंच रजा घेऊन वजन उतरवायला गेले.

सर, आधी ईसीजी, बीपी, साखर. मग अजिंक्यतारा चढा, पण उतरताना सावकाश, गुडघे उतारावर जातात. घरी भिंतीला पाठ टेकून अर्धवट बसून थांबा, दुखायच्या आत उठा.

जुना_मास्क_मिरज
त्याच ग्रेग यांनी १९९७ च्या प्लेऑफला प्लेटबाहेरचे बॉल स्ट्राइक दिले, पिचर लिव्हान हर्नांडेझला १५ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर) मिळाले, अजून लोक बोलतात. तब्येतीसाठी वजन उतरवा, नक्की उतरवा. झोन त्यानं सुधारत नाही.

पीटीचे_सर_सातारा
ईसीजी सोमवारी काढतो. काल अंगणात पाय रुंद टाकून बघितलं, पोरगा कॅचर झाला होता. कंबर सरळ राहते खरी, पण आता चेस्ट प्रोटेक्टरचा खालचा फ्लॅप मांडीत अडकतोय आणि मागचा पट्टा पुरत नाही. नवा मोठा घ्यावा लागेल का?

जुना_मास्क_मिरज
नवा कशाला? बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडं न्या, वीतभर पट्टा जोडून देईल. फ्लॅप सुटा असेल तर काढा, पण मग गार्ड घातल्याशिवाय उभे राहू नका.