मदत हवी आहे: पणजोबांच्या तैलचित्रात तिसऱ्या पदकावर पान आहे की डाग?

नमस्कार मंडळी, जरा घाईचं काम आहे. परळची आमची चाळ पुनर्विकासाला जातेय. खोली रिकामी करताना पणजोबांचं तैलचित्र भिंतीवरून उतरवलं. इतकी वर्षं उदबत्ती आणि स्टोव्हचा धूर खाऊन ते पार तपकिरी झालंय. एक गृहस्थ सोमवारी साफ करायला नेणार आहेत.

घरात सगळे त्यांना 'बसऱ्याचे सुभेदार' म्हणतात (बसरा म्हणजे इराकमधलं बंदर). चित्रात खांद्यावर एकच तारा आहे. पहिल्या महायुद्धात एक तारा म्हणजे जमादार, म्हणजे आजचा नायब सुभेदार, सुभेदाराला दोन. बढती पुढे मिळाली असेल. पलटण मराठाच, पण इराकमधल्याच कुत शहराच्या वेढ्यात (1915-16) 103, 110 आणि 117 या क्रमांकांच्या तीन मराठा पलटणी होत्या आणि चित्रात पलटणीचा आकडा कुठेच नाही.

माझा जीव अडकलाय तो पदकांत. पहिलं ब्राँझचं, चांदणीसारखं, '1914-15' लिहिलेलं. दुसरं चांदीचं, फीत मधे केशरी आणि कडेला निळी. तिसऱ्याची फीत इंद्रधनुष्याची, मधे लाल आणि दोन्ही कडांना जांभळी होत गेलेली, म्हणजे व्हिक्टरी मेडल, पहिल्या महायुद्धातल्या विजयाचं पदक. हे रंग अगदी बरोबर आहेत. काळ्या-पांढऱ्या फोटोवरून ते कळले नसते, म्हणजे चित्रकारासमोर पदकं प्रत्यक्ष होती असं मला वाटतं.

त्या तिसऱ्या फितीवर तांदळाच्या दोन दाण्यांएवढं, तिरपं, तपकिरी काहीतरी आहे. कडा कातरलेल्या वाटतात. व्हिक्टरी मेडलवर ब्राँझचं ओकचं पान असेल तर त्या शिपायाच्या कामगिरीचा उल्लेख सेनापतीच्या खलित्यात झालेला असतो आणि नाव लंडन गॅझेटमध्ये, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या राजपत्रात, छापलेलं असतं. गॅझेटचे जुने अंक ऑनलाइन चाळले, पण आमच्या आडनावाची स्पेलिंगं इंग्रजांनी इतक्या तऱ्हांनी केलीत की हाती काही लागलं नाही.

भिंगातून पाहिलं तर धुराचा थर त्या ठिपक्याच्या वर आहे असं वाटतं, आईला मात्र तो माशीचा डाग वाटतो. फोटो खाली जोडलाय.

कुणी असं पान चित्रात किंवा खऱ्या फितीवर पाहिलंय का? आणि तेवढी जागा न पुसता बाकीचं चित्र साफ करता येतं का? खरी पदकं आता नाहीत. आत्या सांगते, आजोबांच्या शाळेच्या फीसाठी सोनाराकडे गेली, चांदीचं तेवढं त्याने तोलून घेतलं.