उघड्या रानात ड्युअल बँड कशाला? धावायचं जीपीएस घड्याळ बदलण्यावरून वाद

मेहरूण पहाट (जळगाव)
मुद्दा सरळ मांडतो. मनगटावर गार्मिन फोररनर ५५ किंवा त्या तोडीचं घड्याळ धडधाकट चालू आहे आणि धावणं मेहरूण तलाव, बायपास, शिवाररस्ते एवढ्यावरच आहे, तर केवळ 'ड्युअल बँड' (उपग्रहाचे दोन सिग्नल एकदम पकडणारं) लिहिलंय म्हणून नवीन घेऊ नका. इमारतीवर किंवा कड्यावर आपटून सिग्नल उशिरा पोहोचतो, तेव्हा घड्याळ फसतं. एल१ या सिग्नलच्या (१५७५.४२ मेगाहर्ट्झ) जोडीला एल५ (११७६.४५ मेगाहर्ट्झ) असला की तो उशिराचा सिग्नल वेगळा काढता येतो. आपल्याकडे आडवं येतं काय, तर केळीचा बाग!

इथे अंतर चुकतं ते घाईमुळे. घराच्या ओट्यावरूनच स्टार्ट दाबतात, पहिले दोनशे-तीनशे मीटर वाकडेतिकडे जातात. मोकळ्यावर उभे राहा, सिग्नल हिरवा झाल्यावर आणखी मिनिटभर थांबा. फोनशी बरेच दिवस सिंक नसेल तर उपग्रहांच्या जागांची फाइल शिळी होते, मग सिग्नल पकडायलाच वेळ लागतो.

सातपुडा चढ (शहादा)
केळीचा बाग ठीक आहे भो, पण खान्देश जळगावात संपत नाही. तोरणमाळचा घाट बघ. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला दरी, अर्धं आभाळ डोंगराने झाकलेलं. एका बँडच्या घड्याळाची नकाशावरची रेघ वळणावर रस्ता सोडते आणि पेस (किलोमीटरला लागणारा वेळ) उगाच वरखाली नाचतो.

त्याहून वाईट म्हणजे उंची. फोररनर ५५ मध्ये बॅरोमीटर (हवेच्या दाबावरून उंची काढणारा सेन्सर) नाही. सिंक झाल्यावर गार्मिन कनेक्ट हे कंपनीचं ॲप नकाशावरून उंची भरतं. रेघ पंधरा-वीस मीटर सरकली की घाटात ती थेट वरच्या किंवा खालच्या उतारावर जाते, आणि न चढलेला चढ बेरजेत येतो. म्हणजे ज्या चढाचा सराव करायचा, त्याचाच आकडा खोटा. कोरोस कंपनीच्या पेस ३ या घड्याळात बॅरोमीटरही आहे आणि ड्युअल बँडही. बॅटरी कंपनी ड्युअलवर १५ तास सांगते, ५५ ला साध्या जीपीएसवर २०.

मेहरूण पहाट (जळगाव)
बॅरोमीटरलाही डोक्यावर घेऊ नका. तो हवेचा दाब मोजतो, उंची नाही. आपल्या पट्ट्यात दाब पहाटे चारच्या सुमारास कमी असतो आणि दहापर्यंत वाढत जातो. दाबाचा एक हेक्टोपास्कल म्हणजे उंचीचे साधारण आठ मीटर. तलावाची फेरी सुरू केली तिथेच संपवली, तरी घड्याळ काही मीटर खाली उतरल्याचं दाखवू शकतं. त्यात घामाच्या मिठाने सेन्सरचं भोक बुजलं की उंची एका आकड्यावर अडकून बसते. रोज साध्या पाण्याने धुवा. टाचणी घालायची नाही, आतला पडदा फाटतो.

पांझराकाठ (धुळे)
दोघंही खर्चाचं अर्धंच सांगताय. कंपनी बदलली की नाडी मोजणाऱ्या छातीच्या पट्ट्यापासून सुरुवात. जुना पट्टा फक्त अँट प्लसवर (ब्लूटूथसारखीच दुसरी वायरलेस पद्धत) चालणारा असेल तर पेस ३ शी जुळणार नाही, त्याला ब्लूटूथच लागतं. एचआरएम ड्युअल किंवा पोलर एच१० हे दोन्हींवर चालणारे पट्टे असतील तर चिंता नाही.

मग जुनी नोंद. गार्मिनच्या खात्यातून सगळा डेटा मागवा, झिप फाइलची लिंक ईमेलवर येते. ती आल्याशिवाय खातं बंद करू नका. स्ट्राव्हा या धावनोंदीच्या ॲपवर फिट फाइली (घड्याळातल्या धावांच्या नोंदी) हाताने चढवायच्या तर वेबवरून एका वेळी २५. दोन घड्याळं ताडून बघताना दोन्ही खाती स्ट्राव्हाला जोडलेली ठेवली तर एकच धाव दोनदा मोजली जाते. आणि ताडायचंच असेल तर दोन मनगटांवर एकेक बांधा. एकाच हातावर दोन बांधली की वरचं सैल राहतं, नाडी चुकते.

कमाल नाडी आणि झोन (नाडीचे टप्पे) नव्या घड्याळात स्वतः भरा. वयावरून काढलेल्या आकड्यावर सोडलं तर सगळे झोन सरकतात.

हिशेबी (भुसावळ)
पांझराकाठ भाऊंची बात खरी शे. पण खरी रड नाडीची आहे आणि ती कुठल्याच घड्याळाने पूर्ण जात नाही. मनगटावरचा हिरवा दिवा कधीकधी नाडीऐवजी पावलांची लय पकडतो. सावकाश धावतानाही नाडी १७० दिसतेय आणि कॅडन्सही (मिनिटाची पावलं) १७०, तर समजून जा. घड्याळ मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, घट्ट बांधा. तरीही इंटरव्हलला (जोरात-सावकाश आलटून पालटून धावण्याला) छातीचाच पट्टा लागतो, आणि तो नव्या घड्याळापेक्षा कितीतरी स्वस्त पडतो.

उन्हाचंही बघा. एप्रिल-मेमध्ये त्याच पेसला नाडी वर जाते आणि ५५ त्याचा अर्थ 'व्हीओटू मॅक्स (शरीराची ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता) घसरलं' असा लावतं. फोररनर २५५ मध्ये २२ अंशांच्या वर उष्णतेचा हिशेब धरतात. तापमान ते फोनवरच्या हवामानातून घेतं, म्हणून सिंक ठेवा. तेवढ्यासाठी बदलायचं तर गार्मिनमध्येच बदला, छातीचा पट्टा आणि नोंदी जागेवर राहतात. आणि घड्याळ उन्हात, डिक्कीत ठेवून पॉवर बँकेवर लावू नका. गार्मिन चार्जिंगची मर्यादा ४५ अंश सांगतं, आपली डिक्की मे महिन्यात त्याच्या पुढे जाते.

भरतीवाला (चाळीसगाव)
आमचं काम पोलीस भरतीच्या १६०० मीटरचं. कोणतं घड्याळ बरं?

पांझराकाठ (धुळे)
कोणतंही, पण साधा रन मोड नको. ५५ मध्येही ट्रॅक रन हा मैदानी ट्रॅकसाठीचा मोड आहे, लेन नंबर बरोबर टाका. चौथ्या लेनची एक फेरी साधारण ४२३ मीटर, म्हणजे चार फेऱ्यांत ९२ मीटर जास्त पळणं होतं. मैदान चुन्याने आखलेलं असेल तर आधी टेपने मोजून घ्या, मग हाताने लॅप दाबा. तिथे जीपीएसचा भरवसा नाही.

सातपुडा चढ (शहादा)
ट्रॅकचं मान्य, उन्हाचंही मान्य. पण हिशेबी भाऊ, छातीचा पट्टा चढाचा आकडा देत नाही. आठवड्यातून एकदा जरी घाटात जात असाल तर बॅरोमीटर हवाच, मग तो २५५ चा असो की पेस ३ चा.

मेहरूण पहाट (जळगाव)
घाटात जाणाऱ्याने घ्यावं, त्याला कोण अडवतंय? मी बायपासवाल्याचं बोलतोय, आणि ड्युअल बँडच्या जाहिरातीला भुलून विचारायला येणाऱ्यांत तोच जास्त.