गुडघ्याला स्ट्रेचवाली टेप लावून पळायचं का? खरंच फरक पडतो का?

रोजचा_रनर
मंडळी, हाफ मॅरेथॉनची तयारी चालू आहे, दोन महिने झाले. सात-आठ किमी झाले की उजव्या गुडघ्याच्या वाटीभोवती दुखायला लागतं, सूज नाही पण जिना उतरताना जास्त जाणवतं. ग्रुपमधले बरेच जण ती रंगीत किनेसिओ टेप लावतात म्हणून एकाकडून लावून घेतली, त्या दिवशी खरंच बरं वाटलं पण दुसऱ्या दिवशी कडा सुटल्या आणि काढताना कातडी लालेलाल. ही टेप नक्की करते काय? रिकव्हरी लवकर होते, वेग वाढतो म्हणतात ते खरं का? आणि रेसच्या दिवशी लावू का?

फिजिओ_ताई
मी फिजिओ आहे, खेळाडूंना ही टेप रोज लावते, म्हणून स्पष्ट सांगते. टेप वाईट नाहीये पण तिच्या नावावर जे खपवलं जातं त्यातलं बरंचसं सिद्ध झालेलं नाही. जपानच्या केन्झो कासे यांनी १९७० च्या दशकात ही काढली, कॉटनची असते आणि फक्त लांबीच्या बाजूने ताणते, २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये खेळाडूंच्या अंगावर दिसली आणि तिथून सगळीकडे पसरली. कातडी किंचित उचलली जाऊन खालचं रक्ताभिसरण सुधारतं हा मूळ दावा, पण त्याला भक्कम पुरावा नाही. ताकदीचं म्हणाल तर २०१५ च्या एका प्रयोगात लोकांना टेप लावतोय हे सांगितलंच नाही, स्नायूंचे सेन्सर आहेत असं सांगून लावली आणि मग मांडीची ताकद मोजली, तर खरी टेप, नुसती नावापुरती लावलेली खोटी टेप, बिनटेप सगळं सारखंच निघालं. त्यामुळे वेग वाढेल ही आशा सोडा. दुखणं थोड्या वेळापुरतं कमी वाटू शकतं, कातडीवर सतत स्पर्श राहतो म्हणून असेल किंवा मनाला आधार वाटतो म्हणून, पण तेवढ्यात व्यायाम करता आला तर माझ्या दृष्टीने तो फायदाच आहे.

तुमचं वर्णन वाचून वाटीमागचं दुखणं वाटतंय, त्याला खरं औषध म्हणजे मांडीच्या पुढच्या आणि कमरेच्या बाजूच्या स्नायूंचे व्यायाम आणि काही आठवडे किमी कमी करणं. टेप त्याच्या जोडीला, त्याच्या जागी नाही. पण एकदा कुणाला तरी दाखवाच.

शटल_स्मॅश
ताईंशी सहमत. मी खांद्याला वापरतो, लावण्याबद्दल सांगतो कारण निम्मे लोक तिथेच चुकतात. कातडी धुऊन कोरडी करायची, तेल किंवा क्रीम अजिबात नको, केस जास्त असतील तर ट्रिम करायचे. टेपचे कोपरे गोल कापायचे, नाहीतर कपड्याला अडकून सुटतात, आणि दोन्ही टोकं बिनताणाची चिकटवायची, हे सगळ्यात महत्त्वाचं!! टोकं ताणून लावली की तिथेच कातडी ओढली जाते, फोड येतात, तुमचं लाल झालं ते बहुतेक यानेच. मग हाताने चांगली घासायची, गोंद उष्णतेने धरतो, आणि खेळायच्या अर्धा-एक तास आधी लावायची. ३ ते ५ दिवस राहते, पण खाज सुटली तर त्याच क्षणी काढा. काढताना ओरबाडू नका, थोडं तेल लावून केसांच्या दिशेने हळूहळू, टेप खेचण्यापेक्षा कातडी खाली दाबत जायची.

रोजचा_रनर
बापरे, माझी टोकं चांगलीच ताणलेली होती 🙏 घोटा मुरगळला तर हीच चालेल का?

फिजिओ_ताई
नाही, ही लवचिक आहे, सांधा अडवून धरत नाही. मुरगळलेल्या घोट्याला न ताणणारी कडक टेप किंवा ब्रेस लागतो आणि पाय टेकवून चार पावलंही टाकता येत नसतील तर आधी एक्स-रे. उघड्या जखमेवर, पुरळावर लावायची नाही. पोटरी अचानक सुजून दुखत असेल तर टेप वगैरे काही नाही, त्याच दिवशी डॉक्टर, रक्ताची गुठळी असू शकते.

रेसचं राहिलंच. लावायची असेल तर आधी दोन-तीन लांब रनना लावून बघा, कातडी सहन करते का ते कळेल. त्या दिवशी पहिल्यांदा नको.

रोजचा_रनर
लाली जाईपर्यंत थांबतो. या आठवड्यात रन अर्ध्यावर आणतोय आणि फिजिओची वेळ घेतली आहे, काय सांगतात ते इथे टाकतो.