मदत हवी आहे: रेव्हिट 2023 मधली टोपोसरफेस 2025 मध्ये नेताना

मंडळी, उताराच्या प्लॉटचं मॉडेल रेव्हिट (इमारतींचं 3D मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) 2023 मधून 2025 मध्ये न्यायचंय. 2024 पासून टोपोसरफेसच्या (जमिनीचा नुसता पृष्ठभाग) जागी टोपोसॉलिड (जाडी असलेली जमीन) आलं. जुनी जमीन निवडून 'जनरेट टोपोसॉलिड' दिलं की सॉलिड तयार होतं. हा बदल फार चांगला आहे: सेक्शनमध्ये माती, मुरूम वेगळे थर म्हणून दाखवता येतात आणि 2025 मधल्या 'एक्सकॅव्हेट'ने बेसमेंटची खोदाई थेट कापता येते.

अडचण बिंदूंची आहे. सर्व्हेच्या ड्रॉइंगमधल्या अर्ध्या मीटरच्या कंटूरवर (समान उंचीच्या रेषांवर) बिंदूंची गर्दी आहे, त्यामुळे प्रत्येक बदलाला फाइल रेंगाळते. सरसकट बिंदू कमी केले तर रिटेनिंग वॉलजवळची लेव्हल बिघडते, कारण उतार तिथेच अचानक बदलतो. भिंतीलगतचे बिंदू राखून बाकीचे विरळ कसे करता? कॅडमध्येच पॉलीलाइन साफ करून मग आणणं बरं का?

शिवाय स्ट्रक्चरल कन्सल्टंट 2023 वरच आहेत आणि नवी फाइल जुन्या व्हर्जनमध्ये सेव्ह होत नाही. म्हणून इमारत 2023 मध्येच ठेवून 2025 च्या साइट-फाइलला लिंक करायचा विचार आहे. लिंक दर वेळी अपग्रेड होताना वेळ जाईल, तो चालेल. पण लिंकमधल्या फ्लोअरने 'एक्सकॅव्हेट' होतं का? कुणी करून पाहिलं असेल तर पायऱ्यांसकट सांगा.