शब्दचर्चा : ‘सूटर’ला मराठीत काय म्हणायचं? (‘मूनस्टोन’मधली रेचल आणि तिला मागणी घालणारे दोघे)

प्रश्न

आमच्या वाचनगटात विल्की कॉलिन्सची ‘द मूनस्टोन’ (चोरीला गेलेल्या एका हिऱ्याची इंग्रजी रहस्यकथा) नुकतीच वाचून झाली आणि त्यातले काही प्रसंग मी मराठीत करतेय, गटातल्या ज्येष्ठ मंडळींना मोठ्याने वाचून दाखवायला. सगळं बऱ्यापैकी चाललंय, पण एका शब्दावर गाडी अडलीये. सूटर. रेचल व्हेरिंडरला दोन सूटर आहेत, फ्रँकलिन ब्लेक आणि गॉडफ्रे एबलव्हाइट, आणि निम्मी कादंबरी वाचक ह्या दोघांना तोलत असतो. कोशातले ‘प्रणयाराधक’, ‘विवाहेच्छू’ मला तोंडाने म्हणवत नाहीत. ‘उमेदवार’ लिहिलं तर निवडणूक वाटते. ‘वर’ म्हटलं की मुंडावळ्या बांधलेला माणूस समोर येतो. ‘प्रियकर’ फ्रँकलिनला चालेल पण गॉडफ्रेला नाही, ‘स्थळ’ गॉडफ्रेला चालेल पण फ्रँकलिनला नाही. दोघांनाही बसेल असा एक शब्द सुचवा ना. (ज्यांनी वाचली नाहीये त्यांनी पुढे वाचू नका, चोर कोण ते उघड बोलणार आहोत.)

प्रतिसाद

ताई, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे असं मला वाटतं, दोघांना एक शब्द बसत नाही हीच ह्या कादंबरीची खरी गंमत आहे, आणि इंग्रजीत एकच शब्द असल्यामुळे ती तिथे झाकली जाते.

गॉडफ्रे कसा आहे बघा. सहा फुटांहून उंच, गोरागोमटा, शिकून बॅरिस्टर झालेला, वडील फ्रिझिंगहॉलचे बँकर, आणि वर समाजसेवा, म्हणजे लंडनमधल्या बायकांच्या सगळ्या धर्मादाय मंडळ्यांना हा हवाच, सभेत बोलायला उभा राहिला की समोरचे पैसे काढून देणार. हे सगळं आपल्याला सांगतो तो घरचा म्हातारा कारभारी बेटरेज, आणि सांगून झाल्यावर तो म्हणतो की असल्या माणसापुढे फ्रँकलिनचा निभाव लागणार कसा! ही सरळसरळ स्थळ बघायची भाषा आहे. उंची, शिक्षण, घराणं, लोकांत नाव. आपल्याकडे कुणी मध्यस्थ स्थळ सांगायला येतो तेव्हा हेच रकाने भरतो.

आणि फ्रँकलिन? लहानपणीच परदेशात शिकायला धाडलेला, त्यामुळे थोडा जर्मन, थोडा फ्रेंच, थोडा इटालियन होऊन आलेला, आज एक बोलेल उद्या दुसरं. उधारी करायची सवय. कामधंदा म्हणाल तर नाही. मध्यस्थाने हे स्थळ सांगितलंच नसतं.

म्हणून माझं मत, गॉडफ्रेला ‘स्थळ’ म्हणा आणि बिनधास्त म्हणा. वाचक चांगल्या स्थळावर विश्वास ठेवतो, आणि कॉलिन्सने हिरा नेमका तिथेच लपवलाय.

प्रतिसाद

‘मागणी घालणारा’ साधा आहे, दोघांना चालतो, विषय संपला.

प्रतिसाद

नाही ना संपत दादा. मागणी दोघांनीही घातली का ते आधी बघा. 21 जून 1848, रेचलचा अठरावा वाढदिवस. हिरा त्याच दिवशी तिच्या हातात येतो आणि गुलाबाच्या बागेत गॉडफ्रे तिला लग्नाची मागणी घालतो, ती नाही म्हणते, आणि बेटरेज नि त्याची मुलगी पेनेलोपी झुडपाआडून ते ऐकतात. इथे ‘मागणी घातली’ शंभर टक्के बरोबर. पण फ्रँकलिनला मागणी घालताना बेटरेज आपल्याला दाखवतच नाही. तो दाखवतो काय, तर रेचल आणि फ्रँकलिन दिवसेंदिवस तिच्या खोलीचं दार रंगवत बसलेत. आणि दुसरं म्हणजे तिला चिरूटाचा वास आवडत नाही म्हणून फ्रँकलिन चिरूट एकदम सोडतो.

मला विचाराल तर पूर्ण पुस्तकात रेचलसाठी कुणी काही सोडलं असेल तर ते एवढंच, आणि सगळा घोटाळाही तिथूनच निघतो, म्हणजे चिरूट सोडल्यामुळे झोप उडते, जेवणाच्या टेबलावर डॉक्टर कँडीशी औषधांवरून वाद होतो, डॉक्टर जिरवायची म्हणून कुणाला न सांगता त्याला अफूचा अर्क पाजतात, आणि हिऱ्याची काळजी डोक्यात घेऊन झोपलेला हा माणूस त्या गुंगीत उठून स्वतःच हिरा उचलतो, आपल्याच हाताने रंगवलेल्या त्या ओल्या दाराला नाइटगाऊन घासून रंग पुसतो, हिरा गॉडफ्रेच्या हाती देतो (तो ठेवूनच घेतो), आणि सकाळी फ्रँकलिनला काहीच आठवत नाही. रेचलने मात्र त्याला हिरा उचलताना डोळ्यांनी पाहिलेलं असतं. त्याला ‘मागणी घालणारा’ म्हणून कसं भागेल? तो तिच्यात गुंतलाय. ‘गुंतलेला’ हा शब्द नाही का चालणार?

आणि ‘मागणी’ ह्या शब्दाबद्दल अजून एक. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी गॉडफ्रेने वडिलांकडे 300 पौंड मागितलेले असतात आणि ते देत नाहीत, हे डिटेक्टिव्ह सार्जंट कफच्या शेवटच्या तपासात कळतं. तो एका अल्पवयीन मुलाच्या 20,000 पौंडांचा ट्रस्टी असतो आणि ती रक्कम त्याने केव्हाच उडवलेली असते. आदल्या दिवशी बापाकडे पैशांची मागणी, दुसऱ्या दिवशी रेचलला लग्नाची मागणी. मराठीत दोन्हीला शब्द एकच आहे, तो तसाच दोन्हीकडे वापरा, वाचकाला शेवटी आपोआप जाणवेल.

प्रतिसाद

ह्या शेवटच्या सूचनेला माझा जोरदार पाठिंबा. मूळ इंग्रजीत हे दोन शब्द वेगवेगळे आहेत, आपल्याला हे आयतं मिळतंय.

पण मला एका वेगळ्याच शब्दाची काळजी वाटतेय, ती म्हणजे ‘कझिन’. हर्नकॅसल घराण्यातल्या तीन बहिणी, अ‍ॅडलेड, कॅरोलाइन आणि ज्युलिया. अ‍ॅडलेडचा मुलगा फ्रँकलिन, कॅरोलाइनचा गॉडफ्रे, आणि ज्युलिया म्हणजे लेडी व्हेरिंडर, रेचलची आई. म्हणजे दोघेही तिचे सख्खे मावसभाऊ!! आता हे आमच्या आईला वाचून दाखवलं तर ती पहिल्या पानावरच पुस्तक मिटवेल. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे कितीतरी समाजांत चालतं, काही ठिकाणी तर मामाच्या मुलीवर पहिला हक्क सांगतात, पण मावसबहीण म्हणजे बहीणच, राखी बांधणारी. इंग्रजीत ‘कझिन’मध्ये सगळं बसतं, मामे आते मावस चुलत, त्यामुळे तिथल्या वाचकाला काही खटकत नाही आणि तिथल्या कायद्यात रिवाजात ते बसतही होतं.

मग करायचं काय? ‘नात्यातला मुलगा’ म्हणून मोघम ठेवायचं की ‘मावसभाऊ’ असं खरं सांगायचं? मला वाटतं मोघम ठेवलं तर नुकसान होतं, कारण दोघांचं नातं अगदी समान आहे हा तोलण्यातला मोठा मुद्दा आहे. घराणं एक, आजोळ एक, जवळीक सारखी. नात्याने कुणाचंच पारडं जड नाही, म्हणजे मग फक्त माणूस बघायचा उरतो.

प्रतिसाद

काका, ‘कझिन’च ठेवा, आता मराठीत रुळलाय तो, आणि एकदा सुरुवातीला तीन बहिणींचं सांगून टाका. ज्येष्ठ मंडळींना सांगायचं की बाबांनो, हे यॉर्कशर आहे, तिथे चालायचं.

प्रतिसाद

कायद्याच्या बाजूने थोडं. गॉडफ्रेचा खरा चेहरा पहिल्यांदा दिसतो तो चोरीमुळे नाही, मृत्युपत्रामुळे, आणि तिथले शब्द नीट आले नाहीत तर तो प्रसंग वाया जाईल.

काय होतं की रेचल त्याला एकदा नाही म्हटल्यावर लंडनमध्ये तो परत विचारतो. ती त्याला स्पष्ट सांगते की माझं मन दुसऱ्या माणसात आहे आणि तो माणूस त्या लायकीचा नाही, तरीही हा तिचं मन वळवतो आणि ती हो म्हणते (पडद्यामागे रेचलची देवभोळी नातेवाईक मिस क्लॅक सगळं ऐकतेय). नंतर वकील ब्रफ तिला सांगतात की तुझ्या आईचं मृत्युपत्र कुणीतरी काढून बघितलंय, आणि ते बघणाऱ्याच्या मागे गॉडफ्रे आहे. त्या मृत्युपत्रात रेचलला इस्टेटीचं फक्त उत्पन्न मिळणार, ते पण ती जिवंत असेपर्यंत, मूळ मालमत्ता विकायचा किंवा गहाण टाकायचा अधिकार तिलाही नाही आणि नवऱ्यालाही नाही. ह्याला आपल्याकडे ‘तहहयात’ हा सुंदर शब्द आहे, जुन्या दस्तात सर्रास असतो, तोच वापरा. ‘आजीवन हितसंबंध’ असलं काही लिहू नका प्लीज.

ह्यात एक संदर्भ वाचकाला द्यावा लागेल. इंग्लंडमध्ये विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचे कायदे 1870 आणि 1882 साली झाले. गोष्ट घडते 1848-49 मध्ये, म्हणजे तेव्हा मालमत्ता अशी बांधून ठेवली नसेल तर लग्न होताच बायकोचं बरंचसं नवऱ्याच्या हातात जायचं. आईने लेकीला ह्या एका कागदाने वाचवलं. मग रेचल गॉडफ्रेला सांगते की आपण हे लग्न मोडू या, आणि हा काहीही खळखळ न करता मोकळा होतो! ज्याला ती हवी होती तो असा सुटला असता का? मला गॉडफ्रेचा राग हिऱ्यापेक्षा इथे जास्त आला.

शब्दाचं म्हणाल तर तिने हो म्हटल्यापासून मोडेपर्यंत तो ‘स्थळ’ राहत नाही, ‘नियोजित वर’ होतो. साखरपुडा मात्र लिहू नका, तसा काही समारंभ तिथे नाहीये. ‘लग्न ठरलं’, ‘ठरलेलं मोडलं’ एवढंच पुरे.

प्रतिसाद

सगळे फ्रँकलिनच्या बाजूने बोलताय म्हणून मला राहवत नाहीये. रोझॅनाचं काय? ती घरातली मोलकरीण, एक खांदा वर आलेला, पूर्वी चोरीसाठी तुरुंगात जाऊन आलेली, ती फ्रँकलिनवर जीव टाकते. त्याचा रंग लागलेला नाइटगाऊन तीच लपवते, त्याला वाचवायला. त्याला तिच्या मनातलं कळतच नाही, आणि ती चोरवाळूत जाऊन जीव देते. मान्य आहे, त्याने मुद्दाम काही केलं नाही. पण फ्रँकलिनला तोलताना ही मुलगी पारड्यात घालाच, नाहीतर तो फारच स्वच्छ निघतो. ‘शिव्हरिंग सँड’ला मी ‘चोरवाळू’ म्हटलंय, ‘थरथरती वाळू’पेक्षा बरं वाटतं का बघा.

प्रतिसाद

चोरवाळू झकास. आणि रोझॅनाचा मुद्दा पटला. दोघी बायकांनी त्याच्यासाठी तोंड मिटून घेतलं, एकीने नाइटगाऊन लपवला आणि दुसरीने डोळ्यांनी पाहिलेलं लपवलं. गॉडफ्रेसाठी असं गप्प बसलेलं कुणीच नाही, त्याची स्तुती करणारे मात्र भरपूर.

प्रश्न विचारणारीकडून

सगळ्यांचे मनापासून आभार, एक शब्द शोधायला आले होते, आता चार घेऊन जातेय. पण ह्या चर्चेतून अजून एक नवीन अडचण उभी राहिली. रेचलने ह्या दोघांशी अरेतुरे करायचं की अहोजाहो? इंग्रजीत ‘यू’ म्हणून लेखक सुटला. फ्रँकलिन तिचा बालमित्र, लहानपणी तिला दोरीने जुंपून घोड्यासारखी पळवणारा, तिच्या बाहुल्यांचे हाल करणारा, त्यामुळे ‘तू’ सहज येतं. गॉडफ्रेला मी ‘तुम्ही’ लिहिलं होतं, तो मोठा सभ्य माणूस म्हणून. पण मग वाचकाला पहिल्याच प्रसंगात कळून जातं की हिचं मन कुठे आहे.

प्रतिसाद

ताई, कळू दे की. तिचं मन कुठे आहे हे पेनेलोपीला पहिल्यापासून माहीत आहे आणि ती बापाला ठासून सांगतेय, बेटरेजच ऐकत नाहीये. रहस्य ते नाहीये. रहस्य हे आहे की ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्याशीच ती चोरीनंतर इतकी तुटक का वागते. मी असं करेन, वाढदिवसापर्यंत दोघांनाही ‘तू’, शेवटी दोघेही नात्यातलेच आणि ती लाडाकोडात वाढलेली मुलगी आहे. चोरीनंतर फ्रँकलिनला एकदम ‘तुम्ही’. काहीही न सांगता. आणि मग वर्षभराने ब्रफच्या घरी ते दोघं समोरासमोर येतात, ती म्हणते की मी तुला हिरा घेताना स्वतः पाहिलंय, तिथे परत ‘तू’. चिडून आलेला ‘तू’. त्या प्रसंगात ती त्याला काय काय बोलते, आणि तरी त्याला अजून सोडू शकलेली नसते, ते ह्या एका बदलाने दिसेल. मोठ्याने वाचणार आहात ना, मग तर ऐकणाऱ्याच्या कानाला लगेच लागेल.

प्रतिसाद

हे फार आवडलं. फक्त मिस क्लॅकच्या तोंडी गॉडफ्रे कायम आदरार्थीच ठेवा, ‘आपले गॉडफ्रेसाहेब’ वगैरे, भक्तीच आहे तिची. बेटरेज ‘स्थळ’ म्हणेल, ब्रफ ‘नियोजित वर’ म्हणतील. आणि सार्जंट कफ नुसता ‘गॉडफ्रे एबलव्हाइट’, कारण तो पाकिटात आपला संशय लिहून देतो तेव्हा त्यात तेवढं नावच असतं.

प्रश्न विचारणारीकडून

ठरलं. बागेतला आणि ब्रफच्या घरचा असे दोन प्रसंग पुन्हा लिहायला घेतलेत, झाले की इथे टाकते. एकच राहिलं, लूकर नावाचा तो माणूस, ज्याच्याकडे गॉडफ्रे हिरा ठेवून 2,000 पौंड घेतो, त्याला ‘सावकार’ म्हणू की ‘गहाणवट करणारा’?

प्रतिसाद

सावकार. हिरा ‘गहाण टाकला’ असं क्रियापदातच येतंय, माणसाला परत कशाला चिकटवायचं.